वीस लूमची टीम

हाफटाइमला स्कोअर होता एकतीस-सात, आणि लोक उठून चालले होते.

फायनल होती, तरीसुद्धा. धामणकर नाक्याच्या मागच्या मैदानातून माणसं पँटी झटकत निघाली होती. चणेवाल्याने टोपली डोक्यावर घेतली तेव्हा मला कळलं की आता काही खरं नाही. चणेवाला सगळ्यांच्या शेवटी जातो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव होता.

शेजारच्या खुर्चीत नानासाहेब बसले होते. आमच्या लूममालकांच्या, म्हणजे यंत्रमागवाल्यांच्या, संघटनेचे ते अध्यक्ष. मी त्यांच्याच कारखान्यात सुपरवायझर होतो, म्हणजे माझे मालकही तेच. तोंडातलं पान एका गालात सारून ते म्हणाले, "गायकवाड, ही फायनल आहे की सत्कार समारंभ?"

"पहिलं वर्ष सोडलं तर तिन्ही वर्षं असंच, साहेब."

"लीगचा सेक्रेटरी कोण आहे?"

"मी."

"मग तुम्हीच काहीतरी करा. नाहीतर पुढच्या वर्षीपासून हा खर्च बंद. तेवढ्यात शाळेला पंखे देतो, निदान मुलं नाव तरी काढतील."

मी सेक्रेटरी कसा झालो, तर दोन कारणांनी. माझं अक्षर चांगलं, आणि गुडघा जाईपर्यंत मी स्वतः बऱ्यापैकी कबड्डी खेळलेलो. टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेला, त्यामुळे नियमबियम मलाच कळणार असा सगळ्यांचा समज. माझाही तसाच समज होता, तो पुढे दूर झाला.

लीग आमची आठ टीमची. एक कारखाना, एक टीम, दहा खेळाडू. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. नमाज झाली, जेवणं झाली की तीन वाजता पहिली मॅच. थंडीचे दोन-अडीच महिने हा कारभार चालायचा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, घरोघरी टीव्ही नव्हते, आणि एरवी बारा तास खडखडाट ऐकणाऱ्या माणसाला शुक्रवारी काहीतरी हवं असायचं.

आता खेळाडूला पैसे कसे मिळायचे ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. लूमवरच्या कामगाराला महिन्याचा पगार नसतो. जेवढे मीटर कापड विणेल तेवढी मजुरी. साधारण एक माणूस चार लूम सांभाळतो. त्या लूमवर जे कापड निघतं ते त्याच्या नावावर चढतं. खेळाडूचं काय व्हायचं, तर सीझनमध्ये त्याला प्रॅक्टिस असायची. मग त्याच्या नावाच्या लूमवर दुसरा माणूस उभा करायचा. त्याला बदली म्हणतात. काम बदलीने करायचं, मजुरी बदलीलाही द्यायची आणि खेळाडूलाही द्यायची. म्हणजे त्या लूमची मजुरी मालकाला दोनदा पडायची.

त्यामुळे आमच्याकडे खेळाडूची किंमत रुपयांत सांगायची पद्धतच नव्हती. ती लूममध्ये सांगायचे. हा दोन लूमचा कॉर्नर, तो चार लूमचा रेडर. एका सोयरिकीत मुलीच्या बापाला "मुलगा सहा लूमचा आहे" असं सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलंय. बाप खूश झाला. त्याला वाटलं मुलाचे स्वतःचे सहा लूम आहेत. लग्न झालं, पुढचं मला माहीत नाही.

निजामपुऱ्यात रफीकसेठ म्हणून होते. त्यांचे चार शेड, दोनशेच्या वर लूम. माणूस दिलदार, कबड्डीचा शौकीन. त्यांनी पन्नास लूम खेळाडूंच्या नावावर लावले तरी त्यांना फरक पडायचा नाही. नानासाहेबांचे साठ लूम. वीसच्या वर गेलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. बाकीच्यांची परिस्थिती त्याहून बेताची. मग काय होणार? जो जरा बरा खेळला तो पुढच्या वर्षी निजामपुऱ्यात. तीन वर्षांत रफीकसेठच्या टीममध्ये दहाच्या दहा खेळाडू अव्वल, आणि बाकी सात टीममध्ये उरलीसुरली भरती.

त्या दहांमध्ये दत्ता भोईर होता. आठ लूमचा रेडर. अख्ख्या लीगमध्ये आठ लूम घेणारा तो एकटा.

दत्ता माझ्या गावचा, वडप्याचा. भात कापून झालं की मोकळ्या शेतात आम्ही खेळायचो. तो कुणब्याचा, मी बौद्धवाडीतला. तेव्हा गावातल्या काही घरी मला पाणी वरून मिळायचं. कबड्डीत मात्र दुसऱ्याला हात लावल्याशिवाय खेळच होत नाही. दत्ता माझ्या कमरेला मिठी मारून मला ढेकळांत आपटायचा, आणि मग आमच्याच घरी येऊन आईच्या हातचं पाणी प्यायचा. यावरून त्याच्या घरी त्याला बोलणी बसायची. त्याने मला कधी सांगितलं नाही. त्याच्या बहिणीकडून कळलं.

पुढे दोघंही भिवंडीत आलो. मी डिप्लोमा करून सुपरवायझर, तो लूमवर. नानासाहेबांच्या टीमला लीगच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघं होतो. मी लेफ्ट कॉर्नर, तो चढाईला. त्याची चढाई मी काय सांगू? तो पळायचा नाहीच. रमतगमत जायचा, जसं काही शेजारी ताक मागायला निघालाय. आणि परत येताना दोन माणसं बाद करून यायचा. त्याच वर्षी माझा गुडघा गेला. पुढच्या वर्षी रफीकसेठचा निरोप आला, आठ लूम. दत्ता मला विचारायला आला. मी तोंडाने म्हणालो, जा बाबा, नशीब काढलंस. मनात म्हणालो, नको जाऊस.

तो गेला. मी सेक्रेटरीच्या खुर्चीत बसून दर शुक्रवारी त्याला दुसऱ्यांसाठी खेळताना बघायचो. स्कोअर लिहिताना माझा हात त्याच्या पॉइंटवर थोडा जोरात टेकायचा. मला त्याची फार आठवण यायची. रोज भेटणाऱ्या माणसाची आठवण येणं हा प्रकार विचित्रच, पण यायची.

तर नानासाहेबांनी सांगितलं, काहीतरी करा. मी पंधरा दिवस विचार केला. कापडाच्या धंद्यात मी शेजाऱ्यापेक्षा दुप्पट माल काढला तर मी जिंकलो, शेजारी बुडाला तरी माझं काही अडत नाही. मैदानात तसं चालत नाही. शेजाऱ्याला मी पार संपवलं, तर पुढच्या शुक्रवारी मी खेळू कुणाशी, आणि बघायला येणार कोण? म्हणजे मॅच हा दोघांनी मिळून विणायचा माल. दोघांत निदान बरोबरीची ताकद पाहिजे. म्हणून मी नियम लिहिला: एका टीमच्या दहा खेळाडूंच्या नावावर मिळून वीसच लूम. वर एकही नाही. ते कुणाला किती वाटायचे ते मालकाने ठरवावं.

बऱ्याच वर्षांनी पेपरात वाचलं की परदेशातल्या लीगमध्ये अशी रेघ असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. मी बायकोला म्हणालो, हे तर आम्ही भिवंडीत केलंय. ती म्हणाली, भाजी निवडा.

मीटिंग एका सुताच्या गोदामाच्या माळ्यावर झाली. मला वाटलं होतं रफीकसेठ भांडतील. ते भांडले नाहीत. चष्मा वर करून त्यांनी कागद दोनदा वाचला.

"बीस लूम. पक्का?"

"पक्का, सेठ."

"और कुछ नहीं? सिर्फ गिनती?"

"सिर्फ गिनती."

"मंजूर," म्हणाले आणि सही ठोकली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

सीझन सुरू झाला आणि मी बघतो तर निजामपुऱ्याच्या टीममधून एक माणूस हललेला नाही. दत्तासुद्धा तिथेच. कागदावर बरोबर वीस लूम. दत्ताच्या नावावर चार. आठचे चार झाले तरी हा माणूस हसत कसा खेळतोय, मला कळेना. चौथ्या शुक्रवारनंतर मी सेक्रेटरी म्हणून रफीकसेठच्या शेडमध्ये तपासणीला गेलो. दत्ताच्या नावाच्या लूमजवळ उभा राहिलो, आणि कपाळावर हात मारून घेतला.

ते डॉबीचे लूम होते. डॉबी म्हणजे लूमच्या डोक्यावर बसवलेलं एक यंत्र, त्याने कापडात नक्षी निघते. साध्या ग्रे, म्हणजे न धुतलेल्या कोऱ्या, कापडापेक्षा या कापडाची मजुरी दुपटीच्या आसपास. दहाही खेळाडू रफीकसेठनी डॉबीवर टाकले होते. गिनती वीसची, मजुरी चाळीसची. आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं? टेक्स्टाइल डिप्लोमावाल्या गायकवाडाच्या. लूम-लूममध्ये फरक असतो हे मी नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

रफीकसेठनी मला चहा पाजला. "बुरा मत मानना, गायकवाडसाब. आपने गिनती बोली, हमने गिनती की."

त्या वर्षीही कप निजामपुऱ्यातच गेला. नानासाहेब पंख्यांचे भाव विचारू लागले.

मग मी नियम दुरुस्त करायला बसलो. पहिली दुरुस्ती सोपी होती: खेळाडूच्या नावावर फक्त साध्या ग्रे कापडाचे लूम धरायचे. तेवढ्याने काम भागलं असतं. पण मी दुसरी ओळ लिहिली: एका खेळाडूच्या नावावर जास्तीत जास्त चार लूम.

चारच का? हे मी आज कबूल करतो, तेव्हा केलं नव्हतं. लिहायच्या आधी मी नानासाहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "साहेब, एखादा मोठा खेळाडू मिळाला तर आपण किती देऊ?" ते म्हणाले, "चार. त्याच्या वर मला झेपणार नाही." म्हणून चार. दत्ताला सगळीकडे चारच मिळणार असतील, तर तो कुठे जाईल? जिथे आपलं माणूस आहे तिथे. असा माझा हिशोब. वर वर मी बरोबरीच्या गोष्टी करत होतो. आत मला दत्ता परत हवा होता.

मीटिंगमध्ये रफीकसेठनी या वेळी कागद एकदाच वाचला. खाली ठेवला. "एक बात पूछूं? आप इन्साफ कर रहे हो या खरीदारी?"

सगळे हसले. मी नाही हसलो. मी चिडून म्हणालो, "सेठ, तुम्हाला चार वर्षं कप मिळाला, आता दुसऱ्यांनाही श्वास घेऊ द्या."

"लेने दो भाई, मैं कहां गला पकडके बैठा हूं," असं म्हणून त्यांनी सही केली. बाकीच्या सात मालकांनी तर पेन हातातच धरून ठेवलं होतं.

सीझनला महिना होता. रफीकसेठच्या टीममधले पाच-सहा खेळाडू लगेच पांगले, कारण जिथे तिथे तेवढंच मिळणार होतं, मग घराजवळचा कारखाना काय वाईट? मी आमच्या टीमच्या यादीत पहिली ओळ मोकळी ठेवली. चार लूमही मोकळे ठेवले, चांगले, खिडकीजवळचे.

आठवड्याने दत्ता आला. आमच्या गेटसमोर चहाचं हॉटेल होतं, तिथे बसलो. मी खुशीत होतो. दोन कटिंग आणि दोन बनमस्का सांगितले.

"काय ठरवलंस?" मी विचारलं.

"ठरिवलं." तो बशीत चहा ओतत म्हणाला. "माझं नाव यादीतना काढ."

"कुठल्या यादीतून?"

"खेळणाऱ्यांच्या. मी न्हाय खेळत आता."

मला वाटलं थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता.

"अशोक, तूच इचार कर. माझ्याकडं लई तर तीन वर्सं हायत. मना वडप्याला दोन लूम टाकायचेत, माझे सोताचे. जागा हाय, शेडचं पत्रं पन आनलेत. आठ लूमवर तीन वर्सांत झालं असतं. चारावर न्हाय होनार."

स्वतःचे दोन लूम. भिवंडीत लूमवर उभा राहणारा प्रत्येक माणूस हेच स्वप्न बघतो. त्यातल्या बहुतेकांचं ते तसंच राहतं. दत्ताचं होत आलं होतं.

"मग रफीकसेठ काय देणार तुला? नियम सगळ्यांना एकच आहे."

"खेळनाऱ्यांना," तो म्हणाला. "सेठ मना आठ लूम देतोय. बदली न्हाय, मी सोता चालवनार. विणकर म्हनून."

 नियमात मी लिहिलं होतं, खेळाडूच्या नावावर चारपेक्षा जास्त लूम नकोत. जो खेळाडूच नाही त्याने आठ चालवावे नाहीतर ऐंशी, लीगचा काय संबंध? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भिवंडीचा सगळ्यात मोठा रेडर कबड्डी सोडून दिली तरच दुप्पट कमावू शकत होता, आणि ही सोय मीच करून ठेवली होती.

"आठ लूम एकटा? बारा तास? मरशील."

"मरतोय कशाला. धावायची सवय हाय मना."

"चार लूम आमच्याकडे घे, वर आणखी चार स्वतः चालव."

"खेळाडूच्या नावावर चारच, असं तूच लिवलंस ना?" तो हे रागाने म्हणाला नाही.  त्याने माझा बनमस्कासुद्धा खाल्ला, कारण मी हात लावला नव्हता, आणि तो कामाला गेला.

त्या वर्षीच्या लीगचं जुनी माणसं अजून नाव काढतात. आठपैकी सहा टीम शेवटच्या शुक्रवारपर्यंत शर्यतीत. एका पॉइंटने निकाल, दोन पॉइंटने निकाल, एक मॅच बरोबरीत. बसायला जागा नाही म्हणून माणसं तागे भरलेल्या ट्रकवर उभी. आजूबाजूच्या गच्च्यांवर बायका. नानासाहेबांनी पंख्यांचा विषय सोडला आणि माझी पगारवाढ केली. तीन मालकांनी मला वेगवेगळं गाठून सांगितलं, गायकवाड, तुम्ही लीग वाचवलीत. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडलं.

फायनलला आम्ही होतो. आम्ही जिंकलो, एका पॉइंटने, शेवटच्या चढाईत. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. वरून सगळं मैदान दिसत होतं. मी दत्ताला शोधत होतो. तो होता, उसाच्या रसाच्या गाड्याजवळ, हातात ग्लास. टाळ्या वाजवता येईनात म्हणून त्याने ग्लास वर केला. त्याचे खांदे उतरलेले दिसले. आठ लूम चालवणाऱ्या माणसाचे तसेच होतात. एवढ्या बरोबरीच्या मॅचेस बघितल्या, पण शेजारी ताक मागायला निघाल्यासारखी चढाई करणारा एकजण त्यात नव्हता. सगळे चांगले होते, सगळे सारखेच चांगले होते. त्याच्यासारखं कुणी नव्हतं. कप हातात असताना मला रडू आलं. लोकांना वाटलं आनंदाने.

त्या उन्हाळ्यात मी एक कलम लिहून काढलं. दोनच ओळी होत्या. प्रत्येक टीमला एक खेळाडू मोजणीच्या बाहेर ठेवता येईल, त्याच्या नावावर कितीही लूम चालतील. बाकी नऊ जणांना नियम तसाच. एका माणसाने टीम होत नाही, त्यामुळे बरोबरी फारशी बिघडणार नव्हती, आणि दत्तासारखा माणूस खेळू शकणार होता. आजही मला वाटतं, मी लिहिलेल्या सगळ्या नियमांत तेवढंच एक शहाणपणाचं होतं.

कागद नानासाहेबांना दाखवला. त्यांनी वाचला आणि एकच विचारलं, "मग दत्ता कुणाकडून खेळेल?"

 आठ लूम द्यायची ताकद एकाच माणसाची होती.

"तुमचा निर्णय," म्हणाले. "सेक्रेटरी तुम्ही आहात."

मीटिंगला मी तो कागद शर्टाच्या खिशात घेऊन गेलो. माळ्यावर नेहमीसारखे पंखे फिरत होते, चहा आला, समोसे आले. आणखी कुणाला काही मांडायचंय का, असं नानासाहेबांनी विचारलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, नाही. कागद खिशातच राहिला. दत्ता मैदानात उतरावा असं मला मनापासून वाटत होतं. पण आमच्याकडून. रफीकसेठकडून उतरणार असेल तर त्यापेक्षा तो लूमवर बरा, असं माझ्यातलं कोणीतरी म्हणालं, आणि मी त्याचं ऐकलं. आपला तो बाब्या, म्हणतात ते काही उगाच नाही.

पुढच्या वर्षीही मांडला नाही. त्या वर्षी कारण असं दिलं, स्वतःलाच, की चाललेल्या गोष्टीला कशाला हात लावा.

तिसऱ्या वर्षी मांडला. पाच मिनिटांत मंजूर झाला. पहिला हात रफीकसेठचा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला गाठलं आणि म्हणाले, "गायकवाडसाब, आप ही जाके बोलो उसको. मेरे से खेले, आपसे खेले, कहीं से भी खेले. बहुत दिन हो गए देखके." मला त्यांच्याकडे बघवेना.

दत्ताने तोवर त्यांच्याकडचं काम सोडलं होतं. वडप्याला त्याचे दोन लूम बसले होते. रस्त्याकडेच्या जमिनींचे सौदे तेव्हा नुकते सुरू झाले होते, गोदामवाले गाड्या घेऊन फिरायचे, पण दत्ताच्या पत्र्याच्या शेडमध्ये कापड निघत होतं. मी गेलो तेव्हा तो तुटलेला धागा जोडत होता. पोट सुटलेलं, खाली बसताना एक हात गुडघ्यावर. लूमपुढे वर्षानुवर्षं उभं राहिलं की गुडघे जातात, त्याला कबड्डीच लागते असं नाही.

"लूम बंद कर, बोलायचंय," मी ओरडलो. त्याने एक बंद केला. दुसरा चालूच ठेवला, त्यामुळे मला सगळं मोठ्याने सांगावं लागलं. नवीन कलम सांगितलं. मग तेही सांगितलं की हे दोन वर्षं माझ्या खिशात होतं. का होतं, तेही. असल्या गोष्टी माणसाने हळू आवाजात सांगायच्या असतात.

तो धागा जोडत राहिला. मग म्हणाला, "तवाच आनलं असतंस तर मी सेठकडनाच खेळलो असतो."

"माहीत आहे."

"तुमच्या टीमला लई धुतलं असतं."

"तेही माहीत आहे."

"मंग बरोबर केलंस की तू." तो हसला, आणि मला वाटलं, सुटलो. त्याने लूमचं हँडल धरलं, सुरू करायच्या आधी माझ्याकडे वळून म्हणाला, "पन तुना बघाया मिळलं असतं."

दोन्ही लूम सुरू झाले, आणि त्यानंतर बोलण्यात अर्थ नव्हता. त्याच्या बायकोने चहा दिला, तो प्यालो आणि निघालो.

लीग आणखी काही वर्षं चालली. मग मंदी आली, मालकांनी हात आखडते घेतले आणि ती बंद पडली. शेवटच्या मोसमापर्यंत ती बरोबरीची होती, ते श्रेय लोक मला देतात आणि मीही घेतो. कुणी विचारलंच, आजकालची पोरं विचारतात, की अशा लीगचे नियम करताना काय बघावं, तर मी एवढंच सांगतो: लूम मोजा, मीटर मोजा, काय वाटेल ते मोजा, पण नियम लिहिणाऱ्याची स्वतःची टीम नसावी.